बाईंचं मिस्टर

फुटबॉल शिकवणाऱ्या संस्थेची माणसं घरी आली, तेव्हा मी त्यांना माझी जुनी जर्सी घालून दाखवली. ती माणसं माझ्या बायकोला भेटायला आली होती.

यात चूक माझ्या एकट्याची नव्हती, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. फोन आला तो माझ्या मोबाइलवर. "काका, उद्या संध्याकाळी घरी हाय का? पोरांच्या फुटबॉलबाबत जरा बोलायचं हुतं." आता तुम्हीच सांगा, कोल्हापुरात पेठेत जन्मलेल्या, तालमीच्या संघात असलेल्या माणसाला असा फोन आला तर तो काय समजणार? आमच्याकडं कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉलचे संघ होतात, आणि एकदा तालमीची जर्सी अंगावर चढली की माणूस मरेपर्यंत स्वतःला खेळाडू समजतो. मी मनात म्हटलं, उशिरा का होईना, आले.

शाहूपुरीत माझं शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आता ते मुलगा बघतो आणि मी तिथं बसून गिऱ्हाइकांना फुटबॉल सांगतो. त्या दिवशी मी दुकानातून लवकर निघालो, माळ्यावरची ट्रंक खाली घेतली आणि जर्सी काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास सोडला तर काल शिवल्यासारखी. रंग उडालेला नाही, शिवण उसवलेली नाही. अंगात घातली तर पोटापर्यंत आली आणि तिथं अडून बसली. म्हटलं, असू दे, बसलेल्या माणसाला कुठं कळतंय. मी सोफ्यावर उशी मांडीवर घेऊन बसलो.

दोघं आले. खांद्याला पिशवी लावलेली एक पोरगी आणि चपळ अंगाचा, दाढी राखलेला एक तरुण, त्यांचा कोच. मी त्यांना बोलू दिलं नाही. पोहे खा, चहा घ्या, ही बघा जर्सी, आणि आमचा तो उपांत्य सामना, ज्यात पावसानं मैदानाचं तळं झालेलं आणि आम्ही शेवटच्या क्षणाला बरोबरी साधली. तो सामना मी उभं राहून, उशी बाजूला टाकून सांगितला. कोच मान हलवत होता. पोरगी पोहे संपवून रिकाम्या बशीकडं बघत होती. शेवटी तिनं धीर केला.

"काका, बाई न्हाईत काय घरात?"

"कुठल्या बाई?"

"आमच्या बाई. मला शाळेत गणिताला हुत्या."

त्या बाई म्हणजे माझी बायको. स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभी राहून ती बहुतेक सगळा सामना ऐकत होती. तिच्या निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं. पोरगी उठून तिच्या पाया पडली आणि मग खरं काम निघालं. संस्था फौंड्रीत, बांधकामावर जाणाऱ्यांच्या मुलांना फुटबॉल शिकवते, पण त्याआधी अभ्यास घेते. अभ्यासाला बसेल त्यालाच बॉल. फुटबॉलला माणूस आहे, हा काय इथं बसलाय. अडलंय गणितापाशी.

"मला फुटबॉलातलं काही कळत नाही हं," बायको म्हणाली.

"तसलीच पायजे," कोच म्हणाला. "कळणारी लई हायत गावात."

हे बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता. पण मी जर्सीत होतो.

*

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझी जळजळ तुम्हाला कळायची नाही. माझ्या बायकोचं माहेर समोरच्या पेठेतलं. समोरची पेठ म्हणजे नुसता रस्ता ओलांडून जायची जागा नव्हे. फुटबॉलच्या हंगामात तिथला माणूस आमच्या पेठेत चहा प्यायचा नाही आणि आम्ही तिथं केस कापायला जायचो नाही. आमच्या लग्नाच्या याद्या करताना दोन्हीकडच्यांनी हुंड्यावरून वाद घातला नाही, वाद झाला तो तारखेवरून, कारण त्याच आठवड्यात दोन्ही तालमींचा सामना होता.

आणि मुलगा बघायचा कार्यक्रमसुद्धा तिच्या भावांनी मैदानातच उरकला. मुलगा खेळतो म्हणताय, मग खेळताना बघू. तिघे भाऊ तिला घेऊन समोरच्या गॅलरीत बसले. मी राखीव खेळाडूंत, बाकावर. आज संधी मिळणार, असं मला आमच्या संघाच्या मास्तरांनी सकाळी सांगितलं होतं, आणि सामना संपेपर्यंत ते ती देणारच होते. तिनं मुलगा बघितला तो असा, बसलेला, मांडीवर टॉवेल आणि हातात पाण्याचा कॅन. तो पावसातला उपांत्य सामनाही मी तिथूनच पाहिला. पाहिला बारकाईनं, हे मात्र खरं.

तिनं होकार का दिला हे मी कधी विचारलं नाही. काही प्रश्न विचारले नाहीत म्हणून संसार टिकतात.

लग्नानंतर ती फुटबॉलबद्दल चकार शब्द बोलली नाही. फक्त समोरच्या तालमीनं आम्हाला हरवलं की त्या दिवशी घरात शिरा व्हायचा. कारण सांगायची नाही, वाटी पुढं ठेवायची. इतकी वर्षं मी पराभवाचा शिरा मुकाट खाल्लाय. आणि चांगला होतो तिचा, तेही एक दुखणंच.

कोच कुठला निघावा? समोरच्या पेठेतला. तिथला पूर्वीचा स्ट्रायकर. त्याच्या पायानं आमच्यावर किती गोल झाले हे मी सांगणार नाही.

*

ती जाऊ लागली. नाल्याकडेच्या मैदानावर एक पत्र्याचं शेड आहे, त्यात सतरंज्या टाकून दुपारी तिचा तास. ऊन उतरलं की समोर मैदानात कोचचा. महिनाभरात आमच्या जेवणाच्या ताटावर तिखटमिठापेक्षा फुटबॉल जास्त झाला.

"सर म्हणतात, डाव्या पायानं पास देता आला पाहिजे."

"मी तीस वर्षं हेच सांगतोय."

"कुणाला?"

कुणाला हे खरंच आठवेना. गिऱ्हाइकांना सांगितलं असावं.

दुसऱ्या दिवशी, "अहो, ऑफसाइड किती सोपं आहे हो! मुलांनी मला वाटाण्याचे दाणे मांडून शिकवलं." लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला ऑफसाइड समजावायला गेलो होतो. तेव्हा ती म्हणाली होती, दूध उतू जातंय. आणि आता कुणाच्या तरी वाटाण्यावर तिला ते कळत होतं. मला वाटाण्याच्या उसळीचाही राग यायला लागला.

तिच्या चालण्यात फरक पडला. रस्त्यात पोरं थांबवून "बाई, उद्या लवकर या हं" म्हणू लागली. भाजीवालीनं तिला कोथिंबीर फुकट दिली, कारण भाजीवालीचा पोरगा हिच्या तासाला बसत होता. मी त्याच भाजीवालीकडं लग्नापासून जातोय, मला कधी लिंबूसुद्धा दिलं नाही. मी माझ्याच बायकोवर जळत होतो, आणि जळण्यात मोठी अडचण अशी की जिच्यावर जळायचं तीच रोज डबा भरून देत होती.

मग मी छत्रीचं निमित्त केलं. ढग आलेत, तुझी छत्री राहिली, म्हणून मैदानावर गेलो. शेडच्या दारात उभा राहिलो तर आतून आरोळी उठली.

"बाईंचं मिस्टर आलं!"

मी या गावात दुकानदार म्हणून ओळखला गेलोय, थकबाकीदार म्हणून, गॅलरीतला मोठ्या आवाजाचा म्हणूनही. पण कुणाचं मिस्टर म्हणून प्रथमच. कोचला 'सर', बायकोला 'बाई', आणि मला? मला माझं असं नावच नाही, मी आपला षष्ठी विभक्तीत.

तरी मी रोज जायला लागलो. मला एकच हवं होतं. या मैदानावर कुणीतरी म्हणावं, "काका, जरा पोरांना दाखवा की." एकदा म्हणावं. शिट्टी माझ्या गळ्यात यावी, पोरांनी माझ्याकडं बघावं आणि तिनं शेडमधून ते बघावं. इतकं साधं मागणं. त्याऐवजी मला मिळालं ते काम म्हणजे बॉलमध्ये हवा भरण्याचं. त्यांचा हातपंप बिघडलेला. मी दुकानातून वॉशर आणून बसवला आणि तो नव्यासारखा चालायला लागला. जन्मभर पंप विकले, शेवटी नशिबात हाच आला. पोरं रांगेत बॉल आणून द्यायची, मी दट्ट्या दाबायचो.

त्यात हवा भरताना तोंड गप्प बसेना. मैदानात कुणी चुकीचा पास दिला की माझ्या तोंडातून जायचं, "आरं सोड की, सोड! चिकटून काय बसलाईस!" पहिल्यांदा ओरडलो तेव्हा कोच चमकून वळला, माझ्याकडं बघत राहिला आणि हळूहळू जवळ आला.

"काका, आवाज वळखीचा वाटतोय."

"माझा? छे."

"पूर्व गॅलरी. खालनं तिसरी रांग. मी बॉल घेऊन निघालो की माझ्या आईबद्दल इचारपूस करायची."

मी पंपाकडं बघत राहिलो.

"गैरसमज होतोय, भावा."

"न्हाय हो. तुमचा आवाज आला की मला चेव चढायचा. लई गोल तुमच्यामुळं झालं." आणि पाठीवर थाप मारून तो हसत निघून गेला. त्यानं शिवी दिली असती तर मी समाधानानं घरी गेलो असतो. चांगल्या माणसावर जळण्यासारखा दुसरा त्रास नाही, धड जळताही येत नाही.

*

त्या मैदानाची एक रीत होती, तिच्यावरच पुढं सगळं फिरलं. तिथं रेफरी नसायचा. ज्याच्याकडून चूक झाली त्यानंच हात वर करायचा. बॉल हाताला लागला, वर कर. धक्का दिला, वर कर. सामन्यात गोल मोजायचे तसे हे वर केलेले हातही मोजायचे, त्यांचेही गुण. मध्यंतरात मोठ्यांनी एक शब्द बोलायचा नाही. पोरांनी रिंगण करून बसायचं आणि आपलं आपण ठरवायचं. भांडण झालं तरी तिथंच मिटवायचं.

मला हे ऐकून हसू आवरेना. कोल्हापुरात रेफरीविना फुटबॉल? मग गॅलरीतल्या माणसांनी दिवसभर कुणाला बोलायचं? आमच्या वेळी हात वर करणारा खेळाडू तालमीत परत पाय ठेवू शकला नसता. बॉल हाताला लागला की उलट दुसऱ्याकडं बोट दाखवून आधी ओरडायचं, हे आम्हाला खेळायच्या आधी शिकवायचे. मी तर तेवढंच शिकलो होतो, खेळायला पुढं मिळालंच नाही.

पण पोरं खरंच हात वर करायची. आणि त्यांच्यात एक गोलकीपर पोरगी होती, किडकिडीत, दोन वेण्यांची, बोलायला फटकळ. तिचा बाप फौंड्रीत भट्टीवर. सुरुवातीला ती रेघेला चिकटून उभी राहायची आणि बॉल दोन्ही बाजूंनी आत जायचे. मी पंपाजवळून घसा फोडायचो, "पुढं ये, पुढं ये!" ती माझ्याकडं बघायची आणि होती तिथंच राहायची.

एके दिवशी बायकोनं तासाला फळ्यावर गोलपोस्ट काढला. समोर बॉलचा ठिपका, ठिपक्यापासून दोन खांबांना दोन रेघा. "हा कोन बघ. तू इथं रेघेवर उभी राहिलीस तर तुझ्या दोन्ही बाजूंना किती जागा मोकळी राहते? आता तू बॉलकडं दोन पावलं पुढं आलीस." तिनं पोरीचा ठिपका पुढं सरकवला. "आता?"

पोरगी उठून फळ्याजवळ गेली. बोटानं रेघांमधलं अंतर मापलं. "बाई, मी मोठी झाले की ओ!"

"तू तेवढीच आहेस. जागा लहान झाली."

त्या संध्याकाळी ती पुढं आली. बॉल अंगावर घेतले, पायानं अडवले, एक तर तोंडावर घेतला आणि नाकातून रक्त येत असताना हसत होती. कोच टाळ्या वाजवत ओरडला, "कुणी शिकवलं गं?" पोरीनं शेडकडं बोट केलं. शेडच्या दारात माझी बायको, बोटांना खडू, पदर खोचलेला, उभी.

मी तिला 'पुढं ये' असंच म्हणत होतो की! शब्दसुद्धा तेच. ज्या बाईनं जन्मात बॉलला पाय लावला नाही, तिनं एक गोलकीपर तयार केली, आणि मी इकडं दट्ट्या दाबत होतो. त्या दिवशी एका बॉलमध्ये इतकी हवा भरली की तो फुटला.

*

आणि मग माझा दिवस आला. हातकणंगल्याच्या केंद्रातली पोरं सामन्याला येणार होती आणि कोचला मेहुण्याच्या लग्नाला आजऱ्याला जाणं भाग होतं. तो पंपापाशी येऊन उकिडवा बसला.

"काका, रविवारी पोरांबरोबर उभारशीला का? बाई हायत, पर मैदानाकडंला कोणतरी पायजे."

मी लगेच हो म्हटलं नाही. आकाशाकडं बघितलं, जणू रविवारी चार ठिकाणची आमंत्रणं आहेत. मग म्हटलं, "बघतो जमवून."

"फकस्त उभारायचं. बोलायचं न्हाय."

"कळतंय की."

"न्हाय, काका. बोलायचं. न्हाय."

रविवारी सकाळी मी जर्सीला इस्त्री केली. बायकोनं बघितलं, पण बोलली नाही. ती तशी कधीच बोलली नव्हती. मी पोरांना येता जाता माझ्या खेळाच्या गोष्टी सांगायचो, पावसातला उपांत्य सामना तर तिच्या समोर दोनदा सांगितला, आणि 'मी' या शब्दावर जोर देऊन सांगितला. तिला मूळ वस्तुस्थिती ठाऊक. तिनं ती गॅलरीतून बघितलेली. पण पोरांसमोर तिनं तोंड उघडलं नाही, फक्त खडूचा डबा उगाच बंद करायची आणि उघडायची. तिचा हा मोठेपणासुद्धा मला सोसत नव्हता.

सामना सुरू झाला. मी मैदानाकडेला, हाताची घडी, गळ्यात शिट्टी. शिट्टी कुणी दिली नव्हती, मीच बाजारातून घेतली होती. पहिला अर्धा भाग मी गप्प राहिलो. काय सोसलं ते माझं मला माहीत. तोंडात सुपारी होती, तिचं पीठ झालं. दोन्हीकडं एकेक गोल झाला. मध्यंतरात पोरं रिंगणात बसली आणि मी पाठ करून उभा राहिलो, नाहीतर तोंड सुटलंच असतं.

दुसऱ्या भागात पावण्यांचा जोर वाढला. आमची पोरगी पुढं येऊन येऊन अडवत होती. सामना संपत आलेला. बरोबरी झाली असती तर पुरे होतं, कोच परत आल्यावर मी सहज म्हणालो असतो, "काही नाही, सांभाळलं." एवढ्यात त्यांच्यातल्या एका उंच पोरानं जोरात बॉल मारला, पोरगी पुढं आलेली, तिच्या डोक्यावरून बॉल निघाला, आणि गोलच्या तोंडाशी उभ्या असलेल्या आमच्या बारक्या पोराच्या कोपराला लागून बाहेर गेला. नुसता घासला. समोर उन्हं डोळ्यावर, कुणाला काही दिसलं नाही. पावण्यांची पोरं कॉर्नरला निघाली सुद्धा.

मला दिसलं. बाकावर बसून बसून माझी नजर फार तयार झालेली आहे.

आणि मला हेही दिसलं की बारक्याचा हात हळूहळू वर जायला लागलाय.

यानंतर जे झालं त्यात माझा मेंदू नव्हता. पूर्व गॅलरीची खालनं तिसरी रांग माझ्या घशात येऊन उभी राहिली.

"हात खाली! आरं हात खाली घे! कुणीबी बघितलं न्हाय!"

नाल्यापलीकडच्या घरातली माणसं दारात आली, असं नंतर कळलं. मैदानावर तर सगळी जागच्या जागी थिजली. पावण्यांची पोरं माझ्याकडं बघायला लागली, मग बारक्याकडं. त्याचा हात कानापर्यंत आला होता आणि तिथंच थांबला होता. वर जावं की खाली, त्याला कळेना. तो रडायला लागला.

ज्या हाताबद्दल कुणालाच काही कळलं नव्हतं, तो मी एकट्यानं अख्ख्या परिसरात जाहीर केला होता. हे मला ओरडल्यावर कळलं. आधी कळायला आधी विचार करावा लागतो.

दोन्हीकडची पोरं रिंगणात बसली. मी बाहेर. मी बायकोकडं बघितलं, म्हटलं काहीतरी बोलेल, सांभाळून घेईल. पण मोठ्यांनी बोलायचं नाही. तिनं पदराचं टोक तोंडावर धरलेलं आणि खांदे हलत होते. मला वाटलं लाजेनं रडतेय. जवळ गेलो तर हसत होती.

पोरांनी आधी बारक्याचा निकाल लावला. पावण्यांतला तो उंच पोरगाच म्हणाला, "ह्याचा हात वर निघालेला की. ह्यांच्या काकानं खाली वढला." म्हणून बारक्याला हात वर केल्याचे पूर्ण गुण. पेनल्टी त्यांना. पोरगी शिकवल्यासारखी उभी राहिली, पण बॉल कोपऱ्यातून गेला आणि वर केलेल्या हातांचे गुण धरूनही आम्ही हरलो. बारक्यानं डोळे पुसून उंच पोराशी हात मिळवला.

मग विषय माझा निघाला.

"बाईंचं मिस्टर हायत, सोडा की," एकजण म्हणाला.

"म्हणून काय झालं? बाईंनी कवा तसलं शिकीवलंय?"

"पंप चांगला मारत्यात पर."

"पंप मारू द्यात. मैदानात नगं."

मी तिथंच उभा, माझ्याच भवितव्याची चर्चा ऐकत. दुकानात मुलगा मला बाजूला बसवतो तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. शेवटी गोलकीपर पोरगी उठली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं.

"काका, तुम्ही बाईंच्या तासाला कवा बसलाईसा?"

"मी? नाही बसलो."

"मग मैदानावर कसं आलासा? आमाला तासाशिवाय मैदान न्हाय. तुमाला कसं?"

शिट्टी तिनं मागून घेतली.

*

सोमवारी मी सतरंजीवर बसलो. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, कारण गुडघे. कोच आजऱ्याहून परत आला होता, दारातून डोकावून म्हणाला, "काका, आवाज आजऱ्यापतोर आला," आणि गेला.

वाटलं होतं तास असा तसाच असेल, आणि मग मला घरी गेल्यावर मनातल्या मनात तरी तिला नावं ठेवता येतील. पण ती फळ्याकडं वळली आणि मी बघत राहिलो. घरात ती इतक्या मोकळ्या आवाजात कधी बोलत नाही. चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराला ती म्हणायची, "बरोबर रस्त्यावर आहेस, एक वळण चुकलास," आणि ते पोरगं छाती काढून परत सुरू. मी घरी रस्ता चुकलो तर म्हणते, "तुम्हाला सांगून काय उपयोग." तीस वर्षांपेक्षा जास्त ती शाळेत शिकवत होती आणि मी एकदाही तिच्या वर्गात डोकावलो नव्हतो. शाळा आमच्या दुकानाच्या वाटेवर. मी खेळलो नाही तो सामनासुद्धा तिनं शेवटपर्यंत बसून बघितला होता.

मग मला त्या पोरांचाच हेवा वाटायला लागला. ही बाई यांना मिळाली तशी मला कधी मिळाली नाही, कारण मी मागितलीच नव्हती, पण हेवा कुठं असली कारणं ऐकतो?

तिनं मला उठवलं. "मागचे काका. काटकोन त्रिकोणात उरलेल्या दोन कोनांची बेरीज?"

मला येत होतं. पण पोरं सगळी वळून बघायला लागली आणि मी म्हटलं, "परिस्थितीवर अवलंबून."

शेड कोसळायचं बाकी राहिलं. ती हसली नाही. "एक वळण चुकलात," म्हणाली. "बसा, परत विचारते." आणि खरंच थोड्या वेळानं परत विचारलं. मी नव्वद सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुढच्याकडं वळली. 'छान' म्हणाली नाही. ते पोरांना म्हणते. तरी मी इकडं तिकडं बघितलं, कुणी बघितलं का म्हणून.

आठवडाभर एकही तास बुडवला नाही. शनिवारी पोरं परत रिंगणात बसली आणि त्यांनी ठरवलं की बाईंच्या मिस्टरना आजपासून मैदानात घ्यायला हरकत नाही. कोच म्हणाला, "या काका, पोरांना बॉल अडवायचं दाखवा की जरा."

मी इतकी वर्षं वाट बघितलेलं वाक्य. तयारीतच होतो. वरचा शर्ट काढला, आत जर्सी. बायको शेडच्या दारात येऊन उभी राहिली, हातात खडूचा डबा. मी पोट आत ओढलं आणि रेघ ओलांडून मैदानात गेलो.

गोलकीपर पोरगी समोर आली. तिनं माझ्याभोवती एक चक्कर मारली. जर्सीची बाही चिमटीत धरून उन्हात बघितली, मग पाठ, मग कोपर. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"काका, हिला मातीचा एक डाग न्हाय की. तुम्ही तवाबी भाईरच बसत हुतासा व्हय?"